सायबर फसवणूक: १९३० वर तक्रार केल्यापासून पैसे परत मिळेपर्यंतची प्रक्रिया आणि कागदपत्रं

खात्यातून पैसे उडाले की बहुतेक जण एक फोन करतात, मोबाइलवर तक्रार क्रमांक येतो आणि 'तक्रार झाली' म्हणून वाट बघत बसतात. घोळ तिथेच होतो. त्या क्रमांकाने पैसे वाटेत अडवायचं काम सुरू होतं, पण गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा दाखल झाला तरी अडवलेली रक्कम आपसूक खात्यात येत नाही. ती सोडवून घ्यावी लागते आणि मोठी रक्कम असेल तर त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणजे कामं तीन आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी आहेत. हे एकदा ध्यानात आलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

पहिलं काम: पैसे अडवणं

१९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. २०२१ मध्ये ही सेवा देशभर सुरू झाली तेव्हा क्रमांक १५५२६० होता, पुढे तो बदलला. ही यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची, म्हणजे 'आयफोरसी'ची. महाराष्ट्रात राज्य पोलिसांच्या 'महाराष्ट्र सायबर' विभागाचा १९४५ हा क्रमांकही आहे. फोन लागत नसेल तर तो लागेपर्यंत थांबू नका, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार भरायला घ्या. तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा.

तक्रार नोंदली की तुमच्या बँकेला सूचना जाते. पैसे पुढे कुठल्या बँकेत गेले ते तुमची बँक सांगते आणि ती पुढची बँक आपल्याकडे उरलेली रक्कम रोखून धरते. तिथूनही पैसे सरकले असतील तर सूचना आणखी पुढच्या बँकेकडे जाते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, ते चार-पाच खात्यांत फोडतात आणि शेवटी एटीएममधून काढतात किंवा क्रिप्टोत वळवतात. तिथे ही साखळी तुटते. म्हणून 'उद्या सकाळी बँक उघडली की जातो' हा विचार सगळ्यात महाग पडतो.

फोनवर नाव, पत्ता, बँक, खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ विचारतात. पण सगळा मामला अडतो तो यूटीआरवर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या वेगळ्या ओळख क्रमांकावर. यूपीआय आणि आयएमपीएस व्यवहारांत तो बारा आकडी असतो. गुगल पेच्या पावतीवर दोन क्रमांक दिसतात, एक गुगलचा स्वतःचा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला, आणि दुसरा निव्वळ आकड्यांचा यूपीआय व्यवहार क्रमांक. आपल्याला दुसरा हवा. फोनपेमध्ये 'टी'पासून सुरू होणारा लांबलचक क्रमांक ठळक दिसतो, तो उपयोगाचा नाही, त्याच पावतीवर 'यूटीआर' असं लिहिलेला शोधावा. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाच यूटीआर द्यावे लागतात. घाईत लोक फक्त सर्वांत मोठ्या व्यवहाराचा देतात आणि बाकीच्या रकमेचा माग काढायला कुणी जातच नाही.

पोर्टलवर कोण आणि कशी तक्रार करू शकतं

पात्रतेची अट म्हणावी अशी इथे नाही. फसवणूक झालेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था तक्रार करू शकते, रकमेला खालची मर्यादा नाही आणि शुल्कही नाही. महिला आणि मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. आर्थिक फसवणुकीत मात्र नाव आणि मोबाइल क्रमांक द्यावाच लागतो, ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आई-वडिलांचे पैसे गेले असतील तर मुलाने शेजारी बसून फॉर्म भरावा, पण नाव आणि मोबाइल ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांचाच द्यावा. पुढे जबाबाला आणि न्यायालयात त्यांनाच उभं राहायचं असतं.

फॉर्म भरण्याआधी हाताशी काय हवं? ओळखपत्राचा फोटो जेपीजी किंवा पीएनजी स्वरूपात, ५ एमबीच्या आत. पुरावे, म्हणजे चॅटचे स्क्रीनशॉट, खातेउतारा, एसएमएस, ईमेल, प्रत्येकी १० एमबीच्या आत. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. इथे बरेच जण अडकतात, कारण वर्णनात चोराचा यूपीआय आयडी लिहिला की त्यातल्या ॲट चिन्हामुळे फॉर्म पुढे सरकत नाही. तो आयडी, मोबाइल, वेबसाइटचा पत्ता, खाते क्रमांक हे सगळं संशयिताच्या माहितीच्या रकान्यांत घालायचं. वर्णन आधी नोंदवहीत लिहून काढलं तर बरं. कधी फोन आला, काय बतावणी केली, कोणतं ॲप टाकायला लावलं, किती वाजता किती पैसे गेले, एवढं क्रमाने लिहावं. 'माझी घोर फसवणूक झाली, कृपया न्याय द्या' यातून तपासाला काही मिळत नाही.

लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडल्याने पैसे गेले असतील तर फोन लगेच विमान मोडवर टाकावा आणि तक्रार दुसऱ्या फोनवरून करावी. रागाच्या भरात चॅट पुसू नका, फोन फॅक्टरी रीसेट करून आणू नका. पुरावा त्यातच आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोनच नसेल तर तिथे पंचाईत होते.

तक्रार दाखल झाल्यावर मिळणारा पोचक्रमांक सांभाळून ठेवा आणि पोचपावतीची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या.

दुसरं काम: गुन्हा नोंदवणं

पोर्टलवरची तक्रार तुमच्या राज्याच्या पोलिसांकडे जाते, पण ती एफआयआर नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द कुणाचीही असो, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि ती मागून घ्यायचीच. 'हे आमच्या हद्दीत येत नाही, सायबरला जा' हे उत्तर कायद्यात बसत नाही, पण ऐकावं लागतं हेही खरं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन आवक शिक्का घ्यावा. तरीही नोंद झाली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी कळवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सोबत न्यायचे कागद: पोर्टलची पोचपावती, ओळखपत्र, बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि व्यवहारांचा तक्ता. तक्ता म्हणजे तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर, कोणाच्या खात्यावर गेले, बस. हा एक कागद तयार असला की ठाणे अंमलदाराचा सूर बदलतो. गुन्हा साधारणपणे भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क आणि ६६ड, म्हणजे इंग्रजी प्रतीतली ६६ सी आणि ६६ डी, यांखाली लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. त्यामुळे तपास नेमका कोणाकडे आहे ते विचारून नाव आणि कार्यालयीन क्रमांक लिहून घ्या.

मधलं दार: बँक

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम घातले. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. त्या चौकटीप्रमाणे चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं.

पण हे ग्राहकाने परवानगी न दिलेल्या व्यवहारांबद्दल आहे. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. शाखेत तोंडी सांगून येऊ नका, ईमेल करा किंवा अर्जावर तारीख-वेळेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

तिसरं काम: अडकलेली रक्कम सोडवणं

सगळ्यात कमी माहिती या टप्प्याची असते. पोर्टलवर 'अमुक रक्कम होल्डवर' असं दिसतं आणि माणूस महिनोन्‌महिने त्या ओळीकडे बघत राहतो. ती रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात रोखलेली असते आणि त्या बँकेला ती स्वतःच्या मर्जीने तुम्हाला देता येत नाही. पोलिसांच्या भाषेत ती मुद्देमाल आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली गोठवलेला. मोठ्या रकमेसाठी न्यायालयाचा आदेश लागतो.

अर्ज करायचा तो तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. वकिलांच्या तोंडी अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं ४५१ आणि ४५७ असतात, दोन्ही तीच. पण त्याआधी तपास अधिकाऱ्याकडून एक यादी मिळवा: कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, किती रक्कम रोखली आहे. ती नसेल तर 'माझे पैसे परत द्या' एवढ्या अर्जावर न्यायालय काय आदेश देणार? आदेशात बँक, खाते क्रमांक आणि रक्कम नीट नसली की बँक तो परत पाठवते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा तारीख पडते.

अर्जाला जोडायचं ते असं: एफआयआरची प्रत, पोर्टलची पोचपावती, ज्यात पैसे गेल्याच्या नोंदी खुणा करून दाखवल्या आहेत असा खातेउतारा, रोखलेल्या रकमांची यादी, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र आणि रक्कम ज्या खात्यात हवी त्याचा रद्द केलेला धनादेश. वकील केला असेल तर वकीलपत्र. न्यायालय तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि 'से' वेळेत न येणं हेच तारखा लांबण्याचं नेहमीचं कारण असतं. अर्ज दाखल केल्याच्या दिवशीच त्याची प्रत ठाण्यात नेऊन द्यावी, पाठपुरावा आपणच करायचा. ज्याच्या खात्यात पैसे रोखले आहेत त्याचं म्हणणंही न्यायालय ऐकू शकतं. एकाच खात्यात अनेकांचे पैसे गेले असतील तर वाटा कमीही पडतो. मंजुरी मिळाली की बंधपत्र द्यावं लागतं, म्हणजे उद्या हक्क दुसऱ्याचा ठरला तर रक्कम परत करीन अशी हमी.

याच टप्प्यावर दुसरी टोळी गाठते. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंग फी भरा.' यात कुठेही फोनवरून फी भरायची नसते. सरकारी खर्च म्हणाल तर न्यायालयातल्या अर्जाचा मुद्रांक आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च, एवढाच.

आणि खातं तुमचंच गोठलं असेल तर

गिऱ्हाइकाने चोरीच्या पैशातून दुकानात यूपीआय केलं आणि दुकानदाराचं अख्खं खातं बंद झालं, असे प्रकार वाढले आहेत. एकीकडे यंत्रणा कडक होते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये संशयित खात्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने भाड्याची, म्हणजे चोरांना वापरायला दिलेली, खाती हुडकायला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं 'म्यूलहंटर' बँकांना दिलं. त्याचा चाप अधूनमधून निर्दोष माणसालाही बसतो.

अशा वेळी शाखेतून तीन गोष्टी लेखी मागा: पोर्टलचा तक्रार क्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या ठाण्याने सूचना दिली ते, आणि वादातली रक्कम किती. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने बिल, डिलिव्हरी चलान, जीएसटीची नोंद आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं पाठवा आणि विनंती अशी करा की वादातली रक्कम तेवढी रोखावी, बाकीचं खातं खुलं करावं. बँकेलाही त्याची प्रत द्या. दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच कलमांखाली अर्ज करता येतो. ठाणं परराज्यातलं असेल तर अर्ज तिथल्या न्यायालयात, म्हणून ईमेलचा मार्ग आधी पुरता वापरून घ्यावा.