लग्नाचा खर्च मुलीच्या बापानेच का?

सोयरीक जुळली की बैठक बसते. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, वर 'श्री गणेशाय नमः' लिहिलं जातं आणि एकेक कलम पुकारलं जातं. मंगळसूत्र आणि शालू मुलाकडून. मुलाचा पोशाख, अंगठी मुलीकडून. मंडप आणि जेवण ज्याच्या दारात लग्न त्याच्याकडे. मानपान आपापला. दोन प्रती होतात, दोन्हीकडच्या सह्या होतात. ही यादी. तिच्यातली कलमं गावागणिक आणि जातीगणिक बदलतात, पण मोठा बोजा बहुतेकदा मुलीच्या बापावरच येतो. याचं खापर आपण हुंड्यावर फोडतो. मला वाटतं, मुळं वारसाहक्कातही तितकीच खोल आहेत.

याज्ञवल्क्यस्मृतीत एक वचन आहे: बहिणींची लग्नं व्हायची असतील तर भावांनी आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा देऊन ती करावीत. पुढचे टीकाकार याच्या अर्थावरून भांडत राहिले. काही म्हणाले, चौथा हिस्सा म्हणजे लग्नापुरता पैसा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराला ते पटलं नाही. त्याच्या मते हा मुलीचा खराखुरा हिस्सा होता. व्यवहारात मात्र पहिलाच अर्थ रुजला. लग्न करून दिलं, म्हणजे वाटा दिला.

सगळीकडे हीच रीत होती असंही नाही. शेतात राबणारे दोन हात घरातून जाणार, म्हणून अनेक बहुजन जातींत मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज देत. ब्राह्मणांमध्येही मुलीचे पैसे घेतले जात, इतके की ते बंद करायला पेशव्यांना हुकूम काढावे लागले. इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या आल्या, शिकलेल्या मुलाचा भाव वाढला आणि पैशाची दिशा उलटली. देज मागे पडलं, हुंडा पसरला.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही जुना हिशेब काही अंशी पुढे चालवला. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित मुलीच्या निर्वाहाच्या व्याख्येतच तिच्या लग्नाचा वाजवी खर्च धरला आहे. मुलाच्या लग्नाबद्दल तिथे अक्षर नाही. १९६१मध्ये हुंडाबंदी आली. ते विधेयक संमत करायला संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली होती. १९८५च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची सही केलेली यादी ठेवायला सांगितलं. बैठकीतली यादी घरोघर जपून ठेवलेली सापडते, ही सरकारी यादी मात्र मी एकाही लग्नात पाहिलेली नाही.

खरा बदल २२ जून १९९४ला झाला. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे लग्न झालं की हिशेब मिटला, ही समजूत इथेही डोकावलीच. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही हक्क मिळाला. आता वाटा सारखा आहे, तर लग्नाचा खर्चही दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलावा, हे सरळ आहे. काही घरांत तसं होऊ लागलंय, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण वडील गेल्यावर सात-बारावर वारसांची नावं लागतात आणि भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो. बाहेरच्या बाकावर बसून तो म्हणतो, "ताई, तुझं लग्न आबांनी कर्ज काढून थाटात करून दिलं की." आणि ताई आत जाऊन सही करते.