यूएसएस एलएसटी-३२५

यूएसएस एलएसटी-३२५ हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन नेव्हीचं टँक उतरवणारं जहाज, एलएसटी म्हणजे 'लँडिंग शिप, टँक'. बंदर नाही, धक्का नाही, क्रेन नाही, तरी रणगाडे थेट वाळूवर उतरवायचे हे याचं काम, म्हणून तळ सपाट आणि नाकातच दोन मोठे दरवाजे, आत रॅम्प. भर समुद्रात बॅलास्टच्या टाक्यांत पाणी भरून खोल बसायचं, किनारा आला की पाणी काढून हलकं व्हायचं. आणि खरी कमाल परत निघण्यात आहे, किनाऱ्याला लागायच्या आधीच मागचा नांगर टाकून ठेवायचे, माल उतरला की विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, तोच नांगर ओढत जहाज स्वतःला वाळूतून मागे खेचायचं. लांबी ३२८ फूट, स्पीड जेमतेम १२ नॉट, त्यामुळे खलाशी गमतीने एलएसटी म्हणजे 'लार्ज स्लो टार्गेट', मोठं संथ लक्ष्य, असं म्हणायचे.

फिलाडेल्फियात बांधलं, १ फेब्रुवारी १९४३ ला नेव्हीत आलं. त्याच वर्षी इटलीतल्या सिसिली आणि सालेर्नोवरच्या हल्ल्यांत होतं. ७ जून १९४४ ला, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते तिथल्या ओमाहा बीचवर होतं, मग इंग्लंड ते फ्रान्स अशा चाळीसहून जास्त फेऱ्या, जाताना गाड्या आणि सैनिक, येताना जखमी. २८ डिसेंबर १९४४ ला 'एम्पायर जॅव्हेलिन' या बुडणाऱ्या सैनिकवाहू जहाजावरच्या सुमारे ७०० लोकांना वाचवायला यानेच मदत केली, हे मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

१९४६ ला निवृत्ती, पुढे पन्नासच्या दशकात आर्क्टिकमधल्या रडार ठाण्यांसाठी परत बोलावणं, मग १९६४ ला ग्रीसकडे, तिथे नाव 'सायरोस', १९९९ पर्यंत नोकरी. भंगारात जायचं ते जहाज अमेरिकेतल्या जुन्या नौसैनिकांनी मिळवलं, ग्रीसच्या क्रीट बेटावर राहून स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं आणि सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या त्या खलाशांनी भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ ला अलाबामातल्या मोबील बंदरात आणलं! साडेसहा हजार मैल.

२००५ पासून मुक्काम इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला, ओहायो नदीवर. हे जहाज तिथलं नाही, पण युद्धात त्या गावच्या यार्डने अशी १६७ जहाजं बांधली होती, त्यामुळे गावाला ते आपलंच वाटतं. आता म्युझियम आहे, तरी नुसतं बांधून ठेवलेलं नाही, नदीतून दुसऱ्या गावांना स्वतःच्या इंजिनावर जाऊन येतं.