बॉयकॉट : एका आडनावाचं क्रियापद

पानठेल्यावर एखाद्याशी वाजलं, की नागपूरची पोरं लगेच ठरवतात, ‘त्याले बायकाट करा बे!’ हा बायकाट मुळात एका माणसाचं आडनाव.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालकाने १० देऊ केली, आणि कारभाऱ्याने कुळांना जमिनीवरून हटवण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात पुढारी पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की मारहाण नको, माणसाला एकटं पाडा. झालं! मजूर गेले, धोबीण गेली, लोहार येईना, दुकानदार माल देईना. शेवटी अल्स्टरमधून ५० माणसं आणून, सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढलं. पीक ५०० पौंडांच्या आसपासचं, खर्च १०,००० च्या घरात. ‘ऑस्ट्रसाइज’ हा जड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून फादर ओमॅली यांनी ‘बॉयकॉट’ सुचवला, असं सांगतात. गंमत म्हणजे क्रियापदाला नाव मिळालं ते करणाऱ्याचं नव्हे, भोगणाऱ्याचं.

मराठीला मात्र शब्दाची वाण नव्हती. बहिष्कार म्हणजे बाहेर करणं. वाळीत टाकणंही होतंच. फरक एवढाच, की तिकडे कुळांनी कारभाऱ्याला एकटं पाडलं, आपल्याकडे गाव आणि जात दुबळ्यालाच बाहेर काढत आली. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार पहिल्या प्रकारचा, विलायती मालावरचा. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. जहाल-मवाळ वादात ते सुरतेला गेलं आणि तिथे फुटलं. भांडणात बहिष्काराचा ठरावही होता.

नागपूरची पाळी आली १९२० मध्ये, तीही दोनदा. मे अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, डॉ. आंबेडकर तिथे होते. डिसेंबरात याच शहरात काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केलं : सरकारी शाळा, न्यायालयं, विलायती कापड, सगळ्यांवर बहिष्कार. एका सभेतला बहिष्कार भोगलेला, दुसरीतला पुकारलेला. मला त्या वर्षातली पहिली सभा जास्त महत्त्वाची वाटते, पण शाळेत आम्ही दुसरीच पाठ केली.

वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मराठीत तो सामाजिक बहिष्काराचा कायदा. इंग्रजी नावात मात्र त्या कॅप्टनचं आडनाव अजून आहे.