मेल सर्व्हरचा आयपी पत्ता बदलतो आहे: ग्राहकांसाठी माहिती

पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री आपल्या मेल सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तो ओळखण्याचे आकडे, बदलणार आहे. तुमचा ईमेल आयडी तोच, पासवर्ड तोच, जुने मेल जिथल्या तिथे. आर्वीच्या ऑफिसातलं यंत्रही तेच. बदलते ती इंटरनेटची लाइन. रस्ता रुंदीकरणाच्या खोदकामात जुन्या लाइनची केबल वारंवार तुटते, म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, आणि लाइन बदलली की आयपीचे आकडेही बदलतात. कापसाची आवक आणि आंबिया बहाराची संत्री सुरू झाल्यावर जिनिंगवाल्यांना किंवा वरूडकडच्या व्यापाऱ्यांना तासभरही मेल बंद परवडत नाही. त्याआधीच हे काम उरकायचं आहे.

बहुतेकांना काहीच करावं लागणार नाही. तुमचा मोबाइल किंवा आउटलुक सर्व्हरला नावाने शोधतो, आणि त्या नावामागचा आकडा डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरची नावांची नोंदवही, सांगतं. हे उत्तर जगभरचे डीएनएस सर्व्हर काही काळ स्वतःजवळ ठेवतात. आपल्याकडे ती मुदत २४ तास, म्हणजे ८६,४०० सेकंद होती. बदलाच्या दोन दिवस आधीच आम्ही ती ३०० सेकंदांवर आणतो आहोत. आयत्या वेळी कमी करून उपयोग नसतो, कारण ज्यांनी जुनं उत्तर आदल्या दिवशी घेतलं ते २४ तास तेच धरून बसतात. त्यातूनही कोणी जुन्या आकड्यावर आलाच तर अडचण नाही: महिनाभर दोन्ही लाइन याच सर्व्हरला जोडलेल्या राहतील.

मधे काही मिनिटं संपर्क तुटला तरी तुम्हाला येणारे मेल हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस प्रयत्न करावा, असं मेलच्या नियमावलीतच आहे.

आता ज्यांना खरंच लक्ष घालायचं आहे त्यांच्याविषयी. कोणीतरी कधीतरी सेटिंगमध्ये नावाऐवजी थेट आकडे टाकून ठेवलेले असतात. संगणकावर ते लगेच सापडतात. राहून जातं ते पतसंस्थेतलं स्कॅन करून मेल करणारं प्रिंटर, टॅलीमधून बिलं पाठवण्याची सेटिंग, गोदामाच्या कॅमेऱ्याचा सूचना-मेल. महिन्याभराने जुनी लाइन बंद झाली की ही यंत्रं गुपचूप बंद पडतील, आणि दिवाणजींना ते बिल न मिळालेल्या गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर कळेल. सर्व्हरच्या रकान्यात ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे दिसले तर तिथे आम्ही दिलेलं सर्व्हरचं नाव घाला. जमत नसेल तर फोन करा, आम्ही येऊन करून देऊ.

डोमेन, म्हणजे ईमेल आयडीतलं @ नंतरचं नाव, ज्यांनी स्वतः घेतलं आहे आणि ज्याचं डीएनएस आमच्याकडे नाही, त्यांनी एसपीएफ नोंद तपासावी. या डोमेनचे मेल कोणत्या आयपीवरून आले तर खरे मानायचे, हे ती नोंद सांगते. तिथे जुना आकडा लिहिलेला असेल तर शनिवारच्या आधी नवा त्याच्या जोडीला टाका. जुना आत्ताच काढू नका. हे राहिलं तर तुमची बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील किंवा परत येतील. आकड्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, लाइन देणाऱ्या कंपनीच्या हातात असते. ती आम्ही आधीच करून घेतली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल या नोंदींबाबत फार कडक झालं आहे.

एक विनंती मनापासून करतो. पहिले दोन-तीन आठवडे शेकडो लोकांना एकदम मेल पाठवू नका. बाजारात नव्या व्यापाऱ्याला पहिल्याच हंगामात उधारी मिळत नाही, तसं नव्या आयपीला मोठे मेल सर्व्हर लगेच पत देत नाहीत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सभासदांची सूचनापत्रं थोडी थोडी करून पाठवावीत. एकाने घाई केली तर त्या आयपीवरून जाणाऱ्या सगळ्यांच्याच मेलवर परिणाम होतो.

या बदलासाठी आम्ही कोणाचाही पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही. ‘सर्व्हर बदलला, इथे लॉगिन करा’ असा मेल आला तर तो उघडू नका, आम्हाला कळवा.

रविवारी सकाळपासून ऑफिस सुरू राहील. पाठवलेला मेल परत आला तर डिलीट न करता त्यातल्या इंग्रजी मजकुराचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कारण त्यातच लिहिलेलं असतं.