कंडेन्सरातून कंडेन्सरात: अर्धी ऊर्जा जाते कुठे?

१७४५-४६च्या सुमारास लायडन बरणी आली आणि वीज साठवता येऊ लागली. भरलेल्या बरणीतली साठवण दुसरीत पुरी नेणं मात्र वेगळंच प्रकरण निघालं. बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत मोटार वाइंडिंगवाले ज्याला कंडेन्सर म्हणतात, तेच पुस्तकातलं धारित्र. (फ्रिजवाल्यांचा कंडेन्सर म्हणजे मागची जाळी, त्याचा इथे संबंध नाही.)

घोळ होतो तो ‘कार्यक्षमता’ या शब्दावर. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० व्होल्टला भरला की त्यात ५ ज्यूल. तेवढाच रिकामा त्याला जोडला की दोन्ही ५० व्होल्टवर येतात, प्रत्येकी १.२५ ज्यूल. आता कार्यक्षमता किती? कोणी ५० टक्के म्हणतं, कारण दोन्हींत मिळून अर्धी उरली. कोणी २५, कारण मूळच्या ५ पैकी दुसऱ्याला १.२५ मिळाली. पण पहिल्यातून निघाली ३.७५ आणि पोचली १.२५, म्हणजे ३३. हिशेब हाच धरावा. ऊस शेतातून किती निघाला आणि काट्यावर किती उतरला, हेच शेवटी बघतात ना?

तार जाड घातली की गळती थांबेल, ही समजूत फार चिवट. हरवलेली अर्धी ऊर्जा तारेच्या रोधात उष्णता होऊन जाते. रोध कमी केला तर प्रवाह वाढतो, उष्णता तेवढीच. फारच कमी केला तर ठिणगी उडते, प्रवाह मागे-पुढे झुलत राहतो, थोडी ऊर्जा रेडिओलहरींतही जाते. दोन सारख्या टाक्या तळाशी पाइपने जोडा, पाइप कितीही रुंद घ्या: पाणी तेवढंच, पातळी निम्मी.

हे झुलणंच पुढे कामी आलं. त्याचं गणित १८५३चं. रडारच्या काळात कॉइलमधून कंडेन्सर भरणं रुळलं. वरच्याच जोडीत मध्ये १ मिलिहेन्रीची कॉइल आणि एक डायोड घातला, तर सुमारे २.२ मिलिसेकंदांत जवळजवळ सगळी ऊर्जा पलीकडे जाते. डायोड ती परत येऊ देत नाही.

सुपरकपॅसिटर, म्हणजे फार मोठ्या साठवणीचे पण कमी व्होल्टचे कंडेन्सर, आले तसा डायोडच महाग पडू लागला. २.७ व्होल्टच्या सेलमध्ये त्याचा अर्धा-पाऊण व्होल्ट परवडत नाही, म्हणून त्या जागी मॉस्फेट, म्हणजे फार कमी व्होल्ट खाणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. बॅटरीचे सेल समपातळीत आणताना मात्र कॉइलशिवायही भागतं, कारण नुकसान व्होल्टेजच्या फरकाच्या वर्गाने ठरतं आणि तिथे फरक मुळातच थोडा.

राहिली कॉइल. वरच्या उदाहरणात तिच्यातून क्षणभर ७० अँपिअर जातात. मोटारीच्या पत्र्यांवर गुंडाळून बघाल, तर गाभा तृप्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही, आणि कॉइल नुसती तार उरते. गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते.