परसभेंडी (बडोद्याच्या अंगणातील)

परसभेंडी : समुद्रकाठचा, मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष. शास्त्रीय नाव थेस्पेसिया पॉपुल्निया, कुल माल्व्हेसी. म्हणजे जास्वंद, कापूस आणि भाजीची भेंडी ज्या कुलातली, त्याच कुलातला. कोकणात याला नुसते भेंड किंवा भेंडी म्हणतात. (बाशिंगाला लागते ते पांढरे, हलके भेंड वेगळे, ते पाणथळीतल्या एका झुडपाचे.) गुजरातीत हा पारसपीपळो, म्हणून बडोद्याच्या मराठी घरांत पारसपिंपळ असेही म्हणतात.

घरगुती लागवडीत या झाडाचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्या नावातल्या पिंपळाने केले आहे. पिंपळ अंगणात लावत नाहीत, कारण तो भिंत फोडतो. आणि एकदा वाढला की तोडायला कोणी कुऱ्हाड उचलत नाही. ही धास्ती फुकट परसभेंडीच्या वाट्याला येते. गैरसमज जुना आहे. आयुर्वेदातल्या पंचवल्कलात, म्हणजे पाच औषधी सालींच्या गटात, वड, उंबर, पिंपळ आणि पिंपरी या फायकस प्रजातीतल्या चार झाडांच्या पंगतीला पारीष म्हणून हेच झाड बसवले आहे. परसात लावायची म्हणून परसभेंडी असा अर्थ सहज लागतो, पण नावाचे मूळ या पारीषातच शोधणे बरे. शास्त्रीय नावातील ‘पॉपुल्निया’ हेही पॉप्लर या झाडाच्या पानाशी असलेल्या साम्यावरूनच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये मात्र पान बाजूला ठेवून फूल पाहिले आणि झाड जास्वंदीच्या प्रजातीत घातले. थेस्पेसिया ही वेगळी प्रजाती पुढे झाली.

ओळखायला देठ मोडून पाहावा. पिंपळाच्या देठातून पांढरा चीक येतो, परसभेंडीच्या येत नाही. पान हृदयाकृतीच, पण पिंपळासारखी लांब शेपटी त्याला नसते. फूल दिसले की शंकाच उरत नाही : फिकट पिवळी, पुरती न उमलणारी घंटा, आत तळाशी गर्द तांबडा डाग. सकाळचे पिवळे फूल संध्याकाळपर्यंत तांबूस-जांभळे होते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात आणि दोन जातींचे कलम केले आहे की काय असे वाटते. फळ चपटे, गोल, आपणहून न फुटणारे. कोवळे फळ चिरले की पिवळा रस येतो, त्याचे डाग कपड्यावरून निघत नाहीत.

या न फुटणाऱ्या फळामुळेच झाड किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले. फळे-बिया पाण्यावर तरंगतात आणि खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ राहूनही रुजतात. हिंदी महासागरापासून पॅसिफिक बेटांपर्यंत हा वृक्ष आढळतो. कोकणात त्याच्या लाकडाची बैलगाडीची चाके आणि होड्यांचे भाग होत. मुंबईच्या भेंडी बाजाराचे नाव याच झाडांवरून पडले असे एक मत आहे.

बडोदे किनाऱ्यावर नाही, पण खंभातचे आखात शंभर किलोमीटरच्या आत आहे. जंबुसरकडे जाता जाता बोअरचे पाणी खारट होत जाते. अशा पाण्यावर आंबा पानाच्या कडा करपवून नाराजी दाखवतो, परसभेंडी तक्रार करीत नाही. शहराची गोराडू (वाळूमिश्रित, निचऱ्याची) जमीन तिला मानवते. काळ्या जमिनीतही ती तग धरते, आणि विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी चार दिवस साचले तरी मोठे झाड सहसा दगावत नाही. खरी भीती कडाक्याच्या थंडीची. म्हणूनच दहिवराची, म्हणजे दव गोठण्याची, रात्र येणाऱ्या ग्वाल्हेरला हा सल्ला देता येणार नाही. बडोद्याचा हिवाळा त्या मानाने मवाळ.

लागवड दोन प्रकारे होते. अंगठ्याएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर सहज लागते. कुंपणासाठी हीच रीत. पण सावलीचे झाड हवे असेल तर बी लावावे, कारण फांदीच्या रोपाला सोटमूळ नसते आणि वादळात त्याचा भरवसा कमी. बीचे कवच टणक असते. कानशीने एका कडेला जरा घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मग पिशवीत लावावे. रोप भिंतीपासून निदान पाच मीटर दूर, आळे करून लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये, पुढे फारसे लागत नाही. लहानपणी झाड बुडापासूनच फांद्या काढते. त्या वेळीच छाटल्या नाहीत तर वृक्षाऐवजी झुडूप पदरात पडते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या चौकाला हे झाड झेपणार नाही, तिथे तुळस आणि पारिजातकच शोभतो. परसभेंडीची जागा शहराबाहेरच्या बंगल्यांच्या आवारात, रस्त्याकडच्या बाजूला. आणि मोटार तिच्याखाली उभी करू नये, पाने-फुले वर्षभर गळतात.

किडीविषयी मात्र गय करता येत नाही. कापसाची भावंड असल्याने कापसाच्या किडी या झाडावर बिनदिक्कत राहतात. लाल-काळ्या ढेकणांचे थवे गळून पडलेल्या फळांवर जमतात, पायरीवर चढतात. ते माणसाला चावत नाहीत, पण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. फळे झाडून गोळा केली की थवा पातळ होतो, फवारणीची गरज पडत नाही. गुलाबी बोंडअळीही या झाडावर जगू शकते. बडोदे-भरूच हा कापसाचा मुलूख आहे, त्यामुळे अंगणात कितीही लावावी, कापसाच्या शेताच्या बांधावर परसभेंडी लावू नये. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या मळ्यात भाजीची भेंडी घेणाऱ्यांनाही हेच लागू.