धावपट्टीवरील रबराचा थर

धावपट्टीवरील रबराचा थर : विमाने उतरताना त्यांच्या टायरचे रबर धावपट्टीला चिकटून साचणारा काळा, गुळगुळीत थर. विमान जमिनीला टेकते तेव्हा त्याचे चाक फिरत नसते. विमानाच्या वेगाशी जुळेपर्यंत ते घासटत जाते, घर्षणाने टायरचा पृष्ठभाग मऊ होतो आणि ते रबर डांबराच्या वा काँक्रीटच्या बारीक खळग्यांत भरते. म्हणून हा थर सबंध धावपट्टीवर नसून मुख्यतः विमाने टेकतात त्या भागात, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना आढळतो.

कोरड्या धावपट्टीवर त्याने फारसे बिघडत नाही. प्रश्न पावसातला आहे. पृष्ठभागाचा स्थूल खडबडीतपणा पाण्याला वाट देतो, तर खडीच्या कणांची सूक्ष्म धार उरलेला पाण्याचा पापुद्रा फोडते. रबर दोन्ही बुजवते. अशा गुळगुळीत भागावर एक सहस्रांश इंच जाडीचा पाण्याचा थरही टायरला जमिनीपासून अलग ठेवू शकतो. टायर असा पाण्यावर तरंगत घसरण्यास हायड्रोप्लेनिंग म्हणतात; पातळ पापुद्र्यामुळे होणाऱ्या या प्रकारास श्यान (चिकटपणामुळे होणारे) हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

पाणी साचल्यावर होणारे गतिज हायड्रोप्लेनिंग निराळे. नासाच्या लँगली केंद्रातील वॉल्टर हॉर्न व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुमारास दिलेल्या सूत्रानुसार ते सुरू होण्याचा वेग (नॉटमध्ये) टायरमधील दाबाच्या (पौंड प्रति चौ. इंच) वर्गमुळाच्या ९ पट असतो. पुष्कळ हस्तपुस्तिका इथेच थांबतात. परंतु ९ हा गुणक आधीच फिरत असलेल्या चाकाचा आहे. न फिरणाऱ्या चाकासाठी ७.७ घेतात आणि टेकण्याच्या क्षणासाठी तोच अधिक ग्राह्य वाटतो. दाब १९६ असल्यास पहिल्याने १२६ नॉट, दुसऱ्याने सुमारे १०८ नॉट येतात. मूळ प्रयोग जुन्या धाटणीच्या टायरवरचे असल्याने रेडियल टायरसाठी हे आकडेही जास्तच असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे.

हायड्रोप्लेनिंगच्या तिसऱ्या, 'रिव्हर्टेड रबर' नावाच्या प्रकारात ब्रेकने जाम झालेल्या चाकाचे रबर उष्णतेने पुन्हा कच्च्या, चिकट अवस्थेत जाते व धावपट्टीवर पांढरे पट्टे उमटतात. टायर वाफेवर उचलला जातो की मऊ रबर कडेने पाणी कोंडून धरते, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात. या प्रकाराचा साचलेल्या थराशी जोडला जाणारा संबंध मात्र बराचसा नामसादृश्याचा आहे. इथले रबर त्याच विमानाच्या टायरचे असते.

घर्षण मोजताना चाचणीगाडी चाकापुढे सुमारे १ मिमी पाणी सोडत ताशी ६५ व ९५ किमी वेगाने नेतात. म्यू-मीटर या घर्षणगुणांक मोजणाऱ्या उपकरणावर ६५ च्या वेगाला ०.५२ खाली देखभालीची आखणी करतात, ०.४२ खाली धावपट्टी 'ओली असता निसरडी' मानतात. थर उच्चदाबाच्या पाण्याने, रसायनांनी वा पोलादी छर्ऱ्यांच्या माऱ्याने काढतात. मारा अतिरेकी झाल्यास खडीची धारच जाते.

कोळिकोड (केरळ) येथील ७ ऑगस्ट २०२० च्या विमान अपघातानंतर, आदल्या वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तेथील विमानतळाला दिलेल्या नोटिशीतील रबराचा उल्लेख बराच गाजला. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून ठरलेली कार्यपद्धती न पाळणे व विमान फार पुढे टेकणे यांवर बोट ठेवले.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ वारुंजी येथे धावपट्टी आहे. ती कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी साधारणतः १९५५ च्या सुमारास बांधली गेली. लांबी सुमारे सव्वा किमी. सांगलीजवळ कवलापूर येथेही जुनी धावपट्टी होती. मोठ्या जेट विमानांची वर्दळ नसल्याने जाड थर साचण्याचे कारण इथे उरत नाही. मात्र हलक्या विमानाच्या टायरमधील दाब ३६ च्या आसपास धरला, तर वरील सूत्रांनी ४६ ते ५४ नॉट एवढाच वेग येतो आणि ही विमाने साधारण त्याच वेगाने टेकतात. पावसाळ्यात अशा धावपट्टीवर रबरापेक्षा पाण्याचा निचरा आधी पाहावा लागतो.